इंग्लंडमध्ये कुत्र्याला घेऊन कुणाच्याही शेतातून चालता येतं का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर लांबीच्या सार्वजनिक वाटा आहेत. त्यातल्या कितीतरी खासगी शेतांतून, कुरणांतून, कधी तर शेतकऱ्याच्या अंगणातून जातात. या वाटांवरून कुणीही चालू शकतं. परवानगी लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि सोबत कुत्रा असला तरी चालतो.

पण याच वाटांवर कुत्र्यांनी मेंढ्या फाडल्याच्या, शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातल्याच्या आणि गायींनी तुडवल्यामुळे माणसं दगावल्याच्या घटनाही घडतात. त्यामुळे कुत्र्याला घेऊन निघण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. तिथे कुत्र्याचे नियम जमिनीनुसार बदलतात आणि एका प्रसंगी तर ते अगदी उलटे होतात.

वहिवाटीसारखी पायवाट

महाराष्ट्रातल्या खेड्यात शेतातून जाणारा वहिवाटीचा रस्ता सगळ्यांना माहीत असतो. इंग्लंडमधला ‘पब्लिक फूटपाथ’ त्याच जातीचा. जमीन मालकाची, चालण्याचा हक्क लोकांचा. फरक इतकाच की हा हक्क शेजारच्या शेतकऱ्यांपुरता नसून लंडनहून आलेल्या माणसालाही तितकाच असतो. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची अधिकृत नकाशांवर नोंद करायला लावली. नोंद झालेली वाट मालकाला मर्जीने बंद करता येत नाही. फाटकावर किंवा खांबावर पिवळा बाण दिसला तर ती पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर तिथे घोडे आणि सायकलीही येणार.

अशा पायवाटेवर गळपट्ट्याला लीश लावलेली असलीच पाहिजे, असं कायदा सरसकट म्हणत नाही. कुत्रा ताब्यात मात्र हवा. म्हणजे तो सतत नजरेसमोर असला पाहिजे आणि एका हाकेत परत आला पाहिजे. शिवाय हक्क वाटेपुरताच आहे. कुत्रा शेजारच्या गव्हात उंडारला तर ते मालकाच्या जमिनीवरचं अतिक्रमण ठरू शकतं.

मोकळ्या माळावर नियम जास्त कडक

उघड्या डोंगरमाळावर कुत्र्याला मोकळं सोडायला हरकत नसावी, असं वाटणं साहजिक आहे. तिथलं गणित नेमकं उलटं आहे.

पूर्वी यातले बरेच माळ जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले असत. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर मुद्दाम घुसले. त्यातल्या काहींना तुरुंगवास झाला, पण मागणी जिवंत राहिली. अखेर २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळ आणि सामायिक कुरणं अशा बऱ्याच जमिनी पायी फिरणाऱ्यांसाठी खुल्या झाल्या. तिथे वाट सोडून कुठेही चालता येतं.

माणसाला मिळालेली ही मोकळीक कुत्र्याला मात्र नाही. अशा जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्र्याला दोन मीटरपेक्षा लांब नसलेली लीश लावणं बंधनकारक आहे. गुरं किंवा मेंढ्या जवळ असतील तिथे हा नियम बाराही महिने लागू होतो. मार्च ते जुलै हे पक्ष्यांच्या विणीचे महिने. टिटवीच्या कुळातला लॅपविंग, चंडोल आणि लांब चोचीचा कर्ल्यू जमिनीवरच अंडी घालतात. कुत्रा अंड्यांना तोंड न लावताही घरटं बरबाद करू शकतो. भेदरलेली मादी उडून जाते आणि तेवढ्या वेळात अंडी गार पडतात.

काही माळांवर कुत्र्यांना पूर्ण बंदीही असते. यॉर्कशरमधल्या बोल्टन ॲबीजवळचा बार्डन मूर हे त्याचं उदाहरण. तिथे कुत्र्याला न्यायचं तर फक्त नोंद असलेल्या वाटांवरून.

मेंढ्यांना न चावताही नुकसान होतं

वसंत हा मेंढ्या विण्याचा हंगाम. कुत्रा नुसता मागे धावला तरी गाभण मेंढीचा गर्भ पडू शकतो किंवा ती धसक्याने मरू शकते. म्हणूनच १९५३ च्या कायद्यात चावण्याइतकंच पाठलाग करणंही गुन्हा आहे. कुरणात मेंढ्या असताना कुत्रा बेताबात मोकळा फिरला, तरी तो या कायद्याखाली येऊ शकतो. मेंढ्या वाचवायला दुसरा उपाय उरला नाही तर शेतकरी कुत्र्याला ठारही करू शकतो. १९७१ चा कायदा अशा शेतकऱ्याला काही अटींवर संरक्षण देतो.

विष्ठा उचलण्यामागेही फक्त स्वच्छतेचा प्रश्न नाही. कुत्र्यांच्या विष्ठेतून निओस्पोरा हा परजीवी गवतात जातो आणि ते गवत खाल्लेल्या गायी गाभडतात. त्यामुळे पिशवी बांधून कुंपणाला अडकवायची नाही, कचरापेटीपर्यंत न्यायची.

गाय धावून आली तर लीश सोडा

इथे नियम उलटा होतो. गायी मागे लागल्या तर कुत्र्याला धरून ठेवायचं नाही, ताबडतोब सोडायचं.

वासरू सोबत असलेल्या गायीला कुत्रा हा लांडग्यासारखाच शत्रू वाटतो. तिचा राग बहुतेक वेळा कुत्र्यावर असतो. माणूस मध्ये सापडतो तो लीश हातात असल्यामुळे. मोकळा झालेला कुत्रा सहज निसटतो, माणसाला तेवढं पळता येत नाही. ब्रिटनचे माजी गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट दृष्टिहीन आहेत. २००९ मध्ये पीक डिस्ट्रिक्टमध्ये मार्गदर्शक कुत्रीसह चालताना गाय त्यांच्या अंगावर आली आणि त्यांची बरगडी मोडली.

अशी वेळ येऊच नये म्हणून कळपापासून लांबून, शांतपणे जावं. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये. वाटेतच कळप उभा असेल तर सुरक्षित बाजूने वळसा घालून पुढे पुन्हा वाटेला लागावं.

पहिल्यांदा जाताना

नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांनी सुरुवात सोप्या वाटेने करावी. लेक डिस्ट्रिक्टमधल्या टार्न हाउज तळ्याभोवतीची वाट जेमतेम तीन किलोमीटर आहे. ती व्हीलचेअरवरूनही करता येते. गुरं तिथेही चरतात, त्यामुळे लीश हाताशी हवीच. इतर वाटांवर कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. मोठ्या कुत्र्याला त्या चढता येत नाहीत, म्हणून वाटेत पायऱ्या आहेत की फाटकं, हे आधी पाहावं.

ऑर्डनन्स सर्व्हेच्या ‘एक्स्प्लोरर’ नकाशावर पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी आणि खुल्या जमिनी पिवळसर रंगाने दाखवलेल्या असतात. अनेक समुद्रकिनाऱ्यांवर उन्हाळ्यात कुत्र्यांना बंदी असते, त्यामुळे तिथल्या पाट्या वाचाव्यात. घरी आल्यावर कुत्र्याच्या अंगावर गोचीड आहे का, तेही तपासावं.

आणि फाटक? ते जसं होतं तसंच ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, कारण गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून शेतकऱ्याने ते मुद्दाम तसं ठेवलेलं असू शकतं.