डॉलरला डॉलर ते सत्तर-तीस

अमेरिकेत माध्यमिक शाळांतील व्यवसाय शिक्षणाला संघ सरकारचा पैसा मिळू लागला तो 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने. तेव्हापासून पैसा वाटताना नेमके काय मोजावे, हा वाद शंभर वर्षे चालू राहिला. पहिल्या कायद्याने शेतीशिक्षकांच्या वेतनाचा निधी राज्यांना ग्रामीण लोकसंख्येच्या, तर औद्योगिक विषय व गृहशास्त्र यांचा निधी शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात दिला आणि प्रत्येक डॉलरमागे राज्याने किंवा स्थानिक संस्थेने तितकीच भर घालावी अशी अट घातली. अट दिसायला समान होती. परंतु तेथील शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे त्या त्या परिसरापुरत्या शिक्षणमंडळाचे, स्थानिक उत्पन्न मुख्यतः मालमत्ता करातून येत असल्याने, जिथे घरा-जमिनीला भाव नव्हता तिथे आपल्या वाट्याचा डॉलर उभा करणेच जड होते. मालमत्ता करातून उपजणारी ही विषमता संघराज्याच्या घटनेचा भंग करत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये सॅन अँटोनिओच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले.

1963 च्या कायद्याने राज्याचे दरडोई उत्पन्न हिशेबात घेतले आणि 1968 च्या दुरुस्तीने वंचित व अपंग विद्यार्थ्यांसाठी निधीचा काही भाग राखून ठेवला. 1984 च्या कायद्याला केंटकीचे प्रतिनिधी कार्ल पर्किन्स यांचे नाव मिळाले. मात्र खरे वळण आले ते 1990 मध्ये, जेव्हा राज्याच्या मर्जीऐवजी कायद्यातच लिहिलेल्या सूत्राने डिस्ट्रिक्टचा वाटा ठरू लागला. 1998 मध्ये ते सूत्र सोपे झाले: 70 टक्के निधी ठरावीक वयोगटातील गरीब मुलांच्या आणि 30 टक्के त्याच वयोगटातील एकूण मुलांच्या संख्येनुसार. गरिबी मोजली गेली, ही या सूत्राची मोठी कमाई. परंतु वेल्डिंगची कार्यशाळा खडू-फळ्याच्या वर्गापेक्षा किती महाग पडते, हे त्यात कुठेच येत नाही. शिवाय 15,000 डॉलरपेक्षा कमी वाटा येणाऱ्या डिस्ट्रिक्टला सहसा शेजाऱ्यांशी संघ करावा लागतो आणि ती रक्कम सर्वांच्या सामाईक कामावरच खर्चावी लागते. 2018 च्या पाचव्या पर्किन्स कायद्याने राज्यांना स्थानिक निधीपैकी 15 टक्क्यांपर्यंत रक्कम ग्रामीण भागासारख्या गरजांसाठी बाजूला काढण्याची मुभा दिली. पूर्वी ही मर्यादा 10 टक्के होती.

खर्चाचा प्रश्न अखेर राज्यांवर पडला. टेक्सासने व्यवसाय शिक्षणाच्या पूर्णवेळ विद्यार्थ्याचे मूळ अनुदान दीर्घकाळ 1.35 ने गुणले. 2021 पासून एकाच गुणकाऐवजी 1.1, 1.28 आणि 1.47 अशा पायऱ्या आल्या, ज्यांत सर्वांत वरची पायरी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम-मालिकेतील प्रगत वर्गांसाठी ठेवलेली आहे. त्यामुळे अशी मालिका चालवण्याइतके शिक्षकच नसलेल्या लहान ग्रामीण डिस्ट्रिक्टच्या पदरी 1.1 चा गुणक येतो.