मारी आरेलचे दोन पुतळे

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात व्ही नावाच्या लहानशा नदीकाठी व्हिमूतिए हे बाजाराचे गाव आहे. वस्ती तीन-साडेतीन हजारांची. जवळच कामांबेर नावाचे खेडे आहे. तिथे घरे थोडी आणि कुरणे फार. पांढऱ्या सालीचे, आतून मऊ असे जे चीज आज जगभर कामांबेर म्हणून खाल्ले जाते, त्याला नाव या खेड्याचे मिळाले, पण त्याची विक्री होई ती व्हिमूतिएत. या गावात मारी आरेल या एकाच शेतकरी स्त्रीचे दोन पुतळे आहेत, आणि त्यांतल्या एकाला डोके नाही.

मारीचा जन्म १७६१चा. प्रचलित कथा अशी की, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९१च्या सुमारास, नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार देणारा एक धर्मगुरू तिच्या आश्रयाला आला. तो ब्री या प्रांतातला. तिकडची चीज करण्याची रीत त्याने तिला सांगितली आणि कामांबेर जन्माला आले. कथा ऐकायला गोड आहे. पण तोमा कोर्नेय (नाटककार पिएर कोर्नेयचा धाकटा भाऊ) याच्या १७०८ सालच्या भौगोलिक कोशात व्हिमूतिएच्या सोमवारच्या बाजाराची नोंद आहे आणि तिथे लिव्हारो व कामांबेर इथले उत्तम चीज येते असे त्यात म्हटले आहे. म्हणजे मारीच्या जन्माआधी अर्धशतक हे नाव बाजारात रुळलेले होते. त्या चीजमागचे हात आसपासच्या शेतघरांतल्या अनाम बायकांचे असणार. मारीच्या घराण्याचे श्रेय निराळे आहे. तिच्या मुलीच्या सासरच्या, म्हणजे पेनेल कुटुंबातल्या पुढच्या पिढ्यांनी या चीजचा मोठा व्यापार उभारला. १८६३मध्ये तिचा नातू व्हिक्तोर पेनेल याने सुर्दों स्थानकावर सम्राट तिसऱ्या नेपोलियनला ते खाऊ घातले असे सांगतात.

चीजला दूर नेले ते मात्र रेल्वेने आणि एका डबीने. मऊ कामांबेर गवताच्या काडांत गुंडाळून लांबच्या प्रवासात टिकत नसे. १८९०च्या सुमारास रिदेल नावाच्या अभियंत्याने पातळ लाकडाची गोल डबी काढली आणि ते समुद्रापार जाऊ लागले. त्याचे आजचे शुभ्र रूपही फार जुने नाही. पूर्वी सालीवर निळसर-करडी बुरशी येई. पांढरी बुरशी मुद्दाम लावण्याची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. पहिल्या महायुद्धात ते खंदकांतल्या सैनिकांपर्यंत पोचले आणि नॉर्मंडीचे चीज साऱ्या फ्रान्सचे झाले.

अडचण नेमकी इथेच झाली. सगळ्यांचे झालेले नाव आपले कसे राखायचे? नॉर्मंडीतले उत्पादक न्यायालयात गेले. जानेवारी १९२६मध्ये ऑर्लेआँच्या न्यायालयाने ठरवले की कामांबेर हे आता एका प्रकारच्या चीजचे सामान्य नाव आहे. ते कुणीही, कुठेही वापरावे. त्याच वर्षी मार्च महिन्यात जोसेफ क्निरिम नावाचा एक अमेरिकन डॉक्टर व्हिमूतिएत उतरला. कामांबेरने आपला पोटाचा विकार बरा झाला अशी त्याची श्रद्धा होती, आणि त्याला मारी आरेलचे स्मारक पाहायचे होते. स्मारक नव्हतेच! गावकऱ्यांनी मनावर घेतले आणि ११ एप्रिल १९२८ रोजी माजी राष्ट्राध्यक्ष अलेक्झांद्र मिलरां यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. हा निव्वळ योगायोग असेल, पण मला त्यात संगती दिसते. कायद्याने जी मालकी नाकारली, ती गावाने दगडात कोरून घेतली. रीत कुणालाही उचलता येते, नावही उचलता येते. आई मात्र दुसऱ्या गावाला दाखवता येत नाही.

१४ जून १९४४ रोजी दोस्तांच्या बाँबवर्षावात गाव जवळजवळ भुईसपाट झाले. दोनशेच्या वर माणसे मेली. मारीच्या पुतळ्याचे डोके उडाले. युद्धानंतर नवा पुतळा आला तो अमेरिकेतून मिळालेल्या देणगीवर: ओहायोतल्या व्हॅन वर्ट इथल्या बॉर्डन कंपनीच्या चीज कारखान्यातल्या कामगारांनी तो दिला, आणि त्यावर तिथल्या चारशे स्त्री-पुरुषांचा उल्लेख आहे. १९५३मध्ये तो उभा राहिला. कामांबेर हे नाव वापरणाऱ्या परदेशी कारखानदारीकडूनच ही भेट यावी, हे सगळ्याच नॉर्मन उत्पादकांना रुचण्यासारखे नव्हते. जुना, शीर नसलेला पुतळाही गावाने जपून ठेवला आहे.

नावाचा लढा पुढेही चालूच राहिला. १९८३मध्ये ‘कामांबेर द नॉर्मंडी’ या पूर्ण नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. अट अशी की दूध न तापवलेले, कच्चेच हवे. दह्यासारखा झालेला गोळा डावाने साच्यात किमान पाच खेपांत भरायचा, दर खेपेनंतर थांबायचे, म्हणजे थर आपल्याच वजनाने बसत जातात. ही सवड कारखान्यांना परवडत नाही, आणि कच्च्या दुधातल्या जंतूंचे भय दाखवता येते. २००७मध्ये दोन बड्या उत्पादकांनी दूध तापवण्याची मुभा मागत या नावावर पाणी सोडले. ‘नॉर्मंडीत तयार केलेले’ असे लिहून ते आपले कामांबेर विकत राहिले. दोन्ही पक्षांना एका नावाखाली आणणारा २०१८चा समझोताही २०२०मध्ये फिसकटला, कारण कच्च्या दुधाची अट सैल करायला छोटे उत्पादक राजी झाले नाहीत.