टोर्नेडोची तीव्रता : हानी-सर्वेक्षणाची पद्धत व मर्यादा

टोर्नेडोतील वाऱ्याचा वेग प्रत्यक्ष मोजण्याची संधी क्वचितच मिळते. म्हणून वादळ ओसरल्यानंतर झालेल्या हानीवरून त्या वेगाचे अनुमान केले जाते. यासाठी टेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये एक श्रेणी मांडली. तिचे सुधारित रूप अमेरिकेत १ फेब्रुवारी २००७ पासून अमलात आले. त्यात ईएफ-० ते ईएफ-५ असे सहा स्तर असून इमारती, मनोरे, वृक्ष इत्यादी २८ हानिदर्शक निश्चित केलेले आहेत.

सर्वेक्षक प्रथम हानिदर्शक ओळखतात, नंतर हानीची पायरी ठरवितात आणि बांधकामाचा दर्जा तपासतात. राहते घर जोत्यावरून समूळ उडाले असल्यास वेग ताशी सुमारे ३२२ किलोमीटर मानला जातो. मात्र भिंती पायाशी नीट जखडलेल्या नसल्यास हेच अनुमान २६५ किलोमीटरपर्यंत उतरते.

या पद्धतीची मर्यादा ओक्लाहोमा राज्यातील एल रेनो येथे ३१ मे २०१३ रोजी स्पष्ट झाली. सुमारे ४.२ किलोमीटर रुंदीच्या त्या टोर्नेडोत फिरत्या रडारने ताशी ४७० किलोमीटरहून अधिक वेग नोंदविला. संशोधक टिम समारास यांच्यासह आठ जण त्यात मृत्युमुखी पडले. तथापि त्याचा मार्ग मुख्यतः मोकळ्या माळरानातून गेला होता. परिणामी रडारच्या आधारे दिलेली ईएफ-५ ही श्रेणी पुढे ईएफ-३ करण्यात आली.

तात्पर्य, ही श्रेणी वादळाच्या अंगभूत सामर्थ्याची नसून त्याच्या मार्गात आलेल्या वस्तूंच्या हानीची आहे. टोर्नेडोविषयक आकडेवारीचा अभ्यास करताना हा भेद दृष्टिआड करून चालणार नाही.