मत्स्यशेती आणि तिचें शिक्षण

शहरांतील मंडईंत बर्फावर मांडलेला रोहू किंवा कटला पाहिला म्हणजे तो कोठल्या तरी नदींत जाळ्याला लागला असावा, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिति बहुधा निराळी असते. भारतांत २०२२-२३ या वर्षीं सुमारें १७५ लाख टन मासळी निघाली आणि तिच्यापैकीं जवळजवळ तीन-चतुर्थांश मासळी समुद्रांतून नव्हे, तर देशाच्या आंतल्या पाण्यांतून आली. या आंतल्या पाण्यांतील मासळीचा फार मोठा भाग माणसानें बीं सोडून, खाद्य घालून वाढविलेला असतो. म्हणजे मंडईंतला रोहू हा पुष्कळदां शिकार नसून पीक असतो. पीक म्हटलें कीं बीं आलें, खत आलें, तण आलें, रोग आला. आणि या सर्वांची जाण असलेला शेतकरीहि आला. पहिल्या चार गोष्टींवर ग्रंथ पुष्कळ झाले. हा शेतकरी तयार कसा करावयाचा, याचा विचार मात्र तितक्या आस्थेनें झालेला नाहीं.

ज्वारीवर कीड पडली तर ती बांधावरून दिसते. मत्स्यशेतकऱ्याचें पीक पाण्याखालीं असतें. त्याला दिसतो तो फक्त पाण्याचा रंग. हा रंग वाचतां येणें ही त्याच्या धंद्यांतली बाराखडी होय. पाण्यांतील अतिसूक्ष्म वनस्पति दिवसां सूर्यप्रकाशांत प्राणवायु सोडतात. रात्रीं त्याच वनस्पति, मासे आणि तळचा गाळ मिळून तो खर्च करतात. म्हणून उजाडण्यापूर्वीं तळ्यांतील प्राणवायु सर्वांत कमी असतो, आणि ढगाळ दिवसानंतरची पहाट तर विशेष धोक्याची. अशा वेळीं मासे पृष्ठभागावर येऊन आ वासूं लागतात. नवख्या माणसाला वाटतें, त्यांना भूक लागली आहे. तो आणखी खाद्य टाकतो, तें कुजतें आणि उरलासुरला प्राणवायुहि संपतो. जाणता मनुष्य खत व खाद्य तत्काळ बंद करतो, ताजें पाणी सोडतो किंवा पाणी घुसळण्याची व्यवस्था करतो. एका पहाटेच्या या दोन वर्तनांत वर्षभराच्या कमाईचा फरक आहे. पाणी हिरवें हवें, पण किती? याची एक साधी परीक्षा अशी कीं, हात कोपरापर्यंत पाण्यांत बुडवावा आणि तळवा दिसतो कीं नाहीं तें पाहावें. तळवा स्वच्छ दिसला तर पाणी उपाशी आहे. मनगटाच्या अलीकडेच हात दिसेनासा झाला तर खत जास्त झालें. ही परीक्षा शिकवावयास फळा आणि खडू लागत नाहींत, तळें लागतें.

बियाण्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. रोहू, कटला व मृगळ हे मासे मूळचे वाहत्या नदीचे. तळ्याच्या स्थिर पाण्यांत ते वाढतात, परंतु आपण होऊन अंडीं घालीत नाहींत. त्यामुळें पूर्वीं सारें बीं नद्यांतून, मुख्यतः बंगालमधील गंगेच्या पुरांतून, बारीक जाळ्यांनीं गोळा करावें लागे. तें मातीच्या हंड्यांतून आगगाडीनें दूरच्या प्रांतांत जाई, आणि वाहून नेणारा मनुष्य वाटेंत हंडीतलें पाणी हातानें सारखें हालवीत बसे. तो थांबला कीं बीं गुदमरलेंच. एवढ्या कष्टानें आणलेल्या बियांत हव्या त्या माशांबरोबर मांसभक्षक माशांचीं पिल्लेंहि मिसळलेलीं असत. बांकुडा व मेदिनीपूर या भागांतील लोकांनीं पावसाचें पाणी अडविणाऱ्या बांधांत मासे विणविण्याची युक्ति साधली होती, पण ती त्या मातीपुरती आणि त्या पावसापुरतीच राहिली.

माशाच्या मेंदूखालीं पिट्यूटरी नांवाची एक बारीक ग्रंथि असते. तिचा अर्क टोंचून मासे विणवितां येतात हें दक्षिण अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं १९३० नंतरच्या दशकांत दाखविलें होतें. आपल्या नदींतल्या माशांवर हा प्रयोग साधला तो हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांना, ओरिसांतील अंगुल येथें, १० जुलै १९५७ रोजीं. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. शोध मोठा खराच. पण येथें विचार करावयाचा तो त्याच्या पुढच्या प्रवासाचा. प्रयोगशाळेतील कृति शेतकऱ्याच्या हातीं जावयाची तर तिच्यांतील बारकावे त्याच्या बोटांत उतरावे लागतात.

ते बारकावे कोणते, हें पाहण्यासारखें आहे. पहिली गोष्ट, नर-मादीची निवड. विणीच्या हंगामांत नराच्या छातीजवळच्या परांवर बोट फिरविलें तर खरखरीत लागतें. मादीचे पर गुळगुळीत असतात. मादीचें पोट मऊ व फुगीर हवें, आणि नराचें पोट हलकेंच दाबल्यास दुधासारखा द्राव सुटला पाहिजे. दुसरी गोष्ट, मात्रा. माशाचें वजन करून दर किलोमागें ग्रंथीचे दोन-तीन मिलिग्रॅम मादीला प्रथम टोंचावयाचे. सुमारें सहा तासांनीं पांच ते आठ मिलिग्रॅम पुन्हां, आणि त्याच वेळीं नराला एकदांच. मग कापडाच्या पेटीसारख्या जाळीत, जिला सर्वत्र हापा म्हणतात, एका मादीस दोन नर या प्रमाणांत त्यांस सोडावयाचें. चार-सहा तासांत अंडीं पडतात, आणि पुढें पंधरा-अठरा तासांत तीं फुटतात. हें सारें बहुशः रात्रीं चालतें, पावसांत चालतें, आणि मासा हाताळतांना त्याचें एक खवल सुद्धां निघतां कामा नये. मादी कच्ची असतांना टोंचली तर अंडीं तर मिळत नाहींतच, आईहि जाते. हल्लीं ग्रंथि काढण्याची खटपट वांचली आहे; कृत्रिम संप्रेरकाची एकच मात्रा बाटलींतून मिळते. परंतु मादी पिकली आहे कीं नाहीं, हें कोणत्याहि बाटलीवर लिहिलेलें नसतें.

बंगालमध्यें नैहाटीच्या परिसरांत हें कसब घरोघर पसरलें आणि तेथील मत्स्यबीजाचा बाजार देशांत नांवाजला गेला. याचें श्रेय संशोधकांस आहेच, पण तितकेंच तें पिढ्यान् पिढ्या नदीचें बीं हाताळलेल्या माणसांसहि आहे. नवी विद्या त्यांच्या जुन्या हातावर बसली. जेथें असा हात नव्हता, किंवा होता पण त्याच्यापर्यंत विद्या पोंचली नाहीं, तेथें काय घडतें, याचें उदाहरण पूर्व किनाऱ्यानें दाखविलें. १९९० नंतरच्या वर्षांत आंध्र व तामिळनाडू येथें खाऱ्या पाण्यांतील कोळंबीचीं तळीं झपाट्यानें वाढलीं. भांडवल आलें, यंत्रें आलीं. शिक्षण मागें राहिलें. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुजन्य रोग आला आणि तळ्यांमागून तळीं रिकामीं झालीं. या रोगावर औषध नाहीं. उपाय आहेत ते सगळे शिस्तीचे: बीं तपासून घ्यावें, तळें वाळवून मगच भरावें, शेजाऱ्यांनीं बरोबरच बीं सोडावें आणि रोगट पाणी सामाईक खाडींत सोडूं नये. यांतील एकहि उपाय एकट्यानें करावयाचा नाहीं. शेजारच्या शंभरांस जें माहीत नाहीं त्याचें प्रायश्चित्त एकट्या जाणत्यालाहि घ्यावें लागतें. म्हणूनच पुढें लहान लहान शेतकऱ्यांचे गांववार संघ करून त्यांस तळ्याच्या कांठींच शिकविण्याची योजना निघाली, आणि त्या कार्यासाठीं २००७ सालीं एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. उशिरां का होईना, दिशा बरोबर सांपडली.

महाराष्ट्राला या विद्येचें वावडें नाहीं. मुंबईस १९६१ सालीं केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली, तिला १९८९ मध्यें विद्यापीठाचा दर्जा मिळाला. रत्नागिरीजवळ शिरगांव येथें १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, विदर्भांत नागपुरासहि आहे. पदवीधर तयार होतात, अधिकारी तयार होतात. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांतील शेंकडों माजी मालगुजारी तलावांवर पाण्यांत उतरतो तो धीवर, आणि त्याचें शिक्षण वडिलांच्या जाळ्यापाशीं होतें. तें शिक्षण हलकें नव्हे. मरळ कोणत्या वेलीखालीं बसतो, हें त्याला ठाऊक असतें. कोणत्याहि पुस्तकांत तें सांपडणार नाहीं. परंतु पकडण्याची कला ही वाढविण्याची कला नव्हे. ज्या तलावांत मरळ आहे, तेथें सुईएवढें बीं सोडणें म्हणजे मरळाला मेजवानी देणें होय. त्या बियाचे पैसे मात्र सहकारी सोसायटीच्या वहींतून जातात.

अशा ठिकाणीं शिक्षणाचा क्रम ऋतूंनींच ठरवून दिला आहे. तो हिंवाळ्यांतील चार दिवसांच्या व्याख्यानांत बसत नाहीं. उन्हाळ्यांत लहानशी बोडी निवडून ती वाळवावी. पाणी राहिलेंच तर मोहाची पेंड टाकावी. तिनें मांसभक्षक मासे मरतात आणि दोन-तीन आठवड्यांनीं विषार उतरला कीं तीच पेंड खत होते. मोह विदर्भांत कोणास परका नाहीं. मग चुना, मग शेण. पाऊस पडून पाणी हिरवें झालें कीं मत्स्यजिरे आणावें, पण तत्पूर्वीं पाणकिडे मारावे. कारण जिऱ्याएवढ्या पिल्लास किडाहि खातो. पिशवी थेट रिकामी न करतां अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे आंतलें व बाहेरचें पाणी सारखें होतें. पंधरा-वीस दिवसांत जिऱ्याचें बीज होतें, आणि दोन-तीन महिन्यांत बोटाएवढी बोटुकली होते. तीच मोठ्या तलावांत सोडावी. तेवढी वाढ झाली कीं तिला सहज कोणी गिळूं शकत नाहीं.

या सबंध क्रमांत शिकवावयाचें शेवटचें कसब अगदीं साधें, पण पैशाचें आहे, तें मोजणीचें. एक मिलिलिटर मापांत सुमारें पांचशें मत्स्यजिरे बसतात. विकणारा मापानें देतो, आणि त्या मापांत पाणी किती व बीं किती हें घेणाऱ्याला कळत नाहीं. म्हणून एक माप चाळणींत निथळून पिल्लें प्रत्यक्ष मोजावीं आणि मग मापांच्या संख्येनें गुणावें. पुष्कळ गांवीं जाळीं विणणें, मासळी विकणें आणि हिशेब राखणें हें बायकांकडे असतें. शिक्षणाच्या वर्गांत मात्र बहुधा पुरुषच बसविले जातात, आणि वर्गाची वेळहि बाया बाजारांत असतील अशीच धरलेली असते. ही मोजणी त्यांच्या हातीं दिली तर बोडी आपण राखली, बीं आपण मोजलें आणि सोसायटीला आपणच विकलें, इतका सरळ व्यवहार एका पावसाळ्यांत उभा राहतो. आणि भाद्रपदांत बोटुकली तयार होते तेव्हां ती आणण्यासाठीं दूरच्या केंद्राची वाट पाहावी लागत नाहीं.