स्टिअरिंगची थरथर

धुळे-सोलापूर महामार्गावर, बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याचा घाट आहे. अशा वळणांच्या वाटेवर मोटारीचे स्टिअरिंग एकसारखे थरथरू लागले, तर चालकाने तिकडे दुर्लक्ष करू नये. सैल झालेला नट किंवा फुगलेला टायर प्राणावर बेतू शकतो. म्हणून प्रथम गाडी थांबवून ते पाहावेत.

विजेच्या मोटारीत धडधडणारे इंजिन नसते. त्यामुळे चाकांतील लहानसा दोषही हाताला चटकन जाणवतो. नट व टायर ठीक असतील, तर थरथर केव्हा होते, हे ध्यानात घ्यावे. ती ब्रेक दाबतानाच होत असेल, तर ब्रेकची तबकडी तपासावी. ती ठरावीक वेगालाच होत असेल, तर बहुधा चाकाचा तोल गेलेला असतो. पावसाळ्यात चाकाच्या आत चिकटून वाळलेला काळ्या मातीचा चिखलही त्यास पुरेसा होतो. चाक धुऊनही थरथर राहिली, तर कारागीर ते यंत्रावर फिरवतो आणि हलक्या बाजूस काही ग्रॅमांचे वजन बसवतो.

तरीही शंका उरल्यास पुढची चाके मागे व मागची पुढे बसवावीत. स्टिअरिंग शांत झाले, तर दोष चाकातच होता. न झाल्यास स्टिअरिंगचे सांधे तपासावेत. दोष नेमका कळला, म्हणजे निम्मी दुरुस्ती झालीच!