वसुबारस : वासराच्या वाट्याचे दूध

आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस येते. दिवाळीचा हा पहिला दिवस. पूजा तिन्हीसांजेला, गुरे गोठ्याकडे परतण्याच्या वेळी करायची असते. म्हणून संध्याकाळी द्वादशी असेल तोच दिवस पंचांगात धरतात. २०२४ मध्ये तो २८ ऑक्टोबरला आला, तर २०२५ मध्ये १७ ऑक्टोबरला. या सणाला मिरवणूक नाही की देवळातली गर्दी नाही. घरातली बाई, दावणीची गाय आणि तिचे वासरू एवढ्यांतच तो पार पडतो.

निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या शिवारात हे दिवस ऐन धावपळीचे असतात. द्राक्षबागांची फळछाटणी चाललेली किंवा नुकतीच उरकलेली असते आणि बाजार समितीत टोमॅटोचा हंगाम असतो. मळ्यातल्या वस्तीवर दिवसभराची कामे थांबत नाहीत, पण दिवस कलला की गोठा झाडून निघतो. गाय-वासराला धुतात, पायांवर पाणी घालतात, कपाळाला हळदकुंकू लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात. मग निरांजनाने ओवाळून दोघांना घास देतात. कुठे बाजरीची भाकरी आणि गूळ, कुठे उडदाचे वडे, कुठे नुसता हिरवा चारा. अंगणात रांगोळी पडते आणि दिवाळीची पहिली पणती लागते.

पूजेला गाय एकटी चालत नाही, वासरू सोबत लागते. याचे कारण गोठ्यातच सापडते. गावठी गाय वासराने सडाला तोंड लावल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. म्हणून धार काढणारा आधी वासराला पाजतो, पान्हा फुटला की बाजूला बांधतो आणि मग चरवी घेऊन बसतो. जाणते लोक एखादा सड वासरासाठी राखून ठेवतात. नुकत्याच जन्मलेल्या वासराला तर पहिल्या तासा-दोन तासांत चीक मिळावाच लागतो, कारण रोगाशी लढण्याची ताकद त्याला त्या चिकातूनच येते. पुढेही काही आठवडे त्याला दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके दूध लागते. माणसाच्या घरात येणारे दूध मुळात वासराचे आहे आणि वसुबारसेच्या साऱ्या रीती याच जाणिवेतून आल्यासारख्या दिसतात.

म्हणूनच या दिवशी उपास करणाऱ्या बायका दूध, दही, ताक, तूप यांतले काहीच घेत नाहीत. गहू आणि मूगही वर्ज्य असतात. दिवसभराचा उपास संध्याकाळी पूजेनंतर बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन सोडतात. इतर सणांना देवापुढे काही ठेवून आभार मानले जातात. इथे आभार मानायचे ते एक दिवस न घेऊन, आणि या सणाचे खरे मोठेपण त्यातच आहे.

गहू-मूग का नकोत, हे व्रताच्या कहाणीत सांगितले आहे. शेतावर जाताना सासूने सुनेला गव्हाळी-मुगाळी शिजवून ठेवायला सांगितले. तिच्या मनात होते गहू आणि मूग. पण गोठ्यातल्या वासरांचीही नावे तीच होती आणि नव्या सुनेने वासरेच कापून शिजवली. घरी येताच सासू हादरली. तिने देवापुढे ठाण मांडले आणि गाई परतण्याच्या वेळेपर्यंत वासरे जिवंत होऊ देत, नाहीतर आपण प्राण देऊ, असे विनवले. संध्याकाळी गाई हंबरत आल्या आणि वासरे उड्या मारत त्यांना बिलगली. कहाणी अंगावर काटा आणणारी आहे, पण तिच्यात सुनेला शिक्षा नाही. चूक सासू आपल्या शिरावर घेते आणि त्या घरात गाय-वासराची पूजा सुरू होते.

नाशिकच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात, हाच दिवस वाघबारस म्हणून पाळतात. कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजाचे लोक गावाच्या शिवेवरच्या वाघदेवाला पुजतात. लाकडाच्या किंवा दगडाच्या पाटावर वाघाबरोबर चंद्र, सूर्य, नाग कोरलेले असतात. रानात चरणारी गुरे सुखरूप घरी यावीत, असे मागणे गुराखी त्याच्यापुढे मांडतात. द्राक्षबागांच्या कामासाठी पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडे येणारे बरेच मजूर याच डोंगरांतले. त्यामुळे बागेचा मालक वसुबारस करतो, त्याच सुमारास त्याच्या मजुराच्या गावी वाघबारस असते. एकीकडे गाईचे आभार, दुसरीकडे तिला धरू शकणाऱ्या जनावराची विनवणी. काळजी दोन्हीकडे गुरांचीच.

ट्रॅक्टर आल्यापासून मळ्यांवर बैल कमी झाले आणि त्यांच्यासोबत गावठी गाईही. आता गोठ्यात बऱ्याचदा संकरित गाय दिसते. तिचे दूध दोन्ही वेळा डेअरीला जाते आणि वासराला अनेकदा बादलीने किंवा बाटलीने पाजतात. पूजा मात्र दोघांना शेजारी उभे करूनच होते. ज्यांच्याकडे गायच नाही, त्या घरच्या बायका शेजारच्या गोठ्यात ताट घेऊन जातात. शहरात गाय-वासराची मातीची किंवा चांदीची मूर्ती पाटावर मांडतात, काही जणी रांगोळीनेच गाय-वासरू रेखाटून त्याला हळदकुंकू वाहतात. त्यांच्याही ताटात त्या रात्री भाकरी आणि गवारच असते.