सी.टी. स्कॅन : किरणांचा डोस कमी ठेवणे कुणाच्या हाती?

गेल्या महिन्यात मोताळ्याकडचे एक आजोबा सात वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आले. पोर बैलगाडीवरून डोक्यावर पडले होते. एका ठिकाणी सी.टी. स्कॅन झाला, पण पोर हलले, चित्र पुसट आले, म्हणून लगेच दुसऱ्यांदा काढला. "डॉक्टरसायेब, दोनदा फोटो काढला, पोराले काही होईन का?"

प्रश्न रास्त होता. सी.टी. स्कॅन म्हणजे क्ष-किरणच. फक्त नळी शरीराभोवती फिरून आतले काप दाखवते. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणे मिळतात. डोक्याच्या एका स्कॅनमध्ये साधारण २, पोटाच्या स्कॅनमध्ये ८ ते १० मिळतात. त्यातून पुढे कर्करोग होण्याची शक्यता फार थोडी, पण शून्य नाही. मुलांच्या पेशी वाढत्या आणि पुढचे आयुष्य मोठे, म्हणून त्यांना जास्त जपायचे.

स्कॅन करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात. डोस किती लागेल, हे मात्र बरेचसे यंत्रावर बसलेल्या तंत्रज्ञाच्या हातात असते. मोठ्या माणसाची सेटिंग मुलाला लावली तर विनाकारण जास्त किरणे जातात. म्हणून वय, वजन बघून विजेचा दाब व प्रवाह कमी करायचा. नव्या यंत्रांत अंगाच्या जाडीप्रमाणे प्रवाह आपोआप कमी-जास्त होतो. पण रुग्ण कड्याच्या बरोबर मध्यभागी नसेल तर यंत्राचा अंदाज चुकतो. छातीचा स्कॅन असेल तर हात डोक्यावर घ्यायला लावायचे आणि छातीपुरताच भाग घ्यायचा. सोबत निम्मे पोट कशाला? सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आधी समजावणे. श्वास कसा रोखायचा हे दोनदा करून घेतले, पोराशी पाच मिनिटे गोड बोलले, तर पुन्हा स्कॅन करण्याची वेळ सहसा येत नाही. आपल्याकडे घाई फार, हीच अडचण.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत साध्या तापाची माणसेही 'स्कोअर' काढायला रांगा लावत होती. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी, एक स्कॅन म्हणजे छातीचे तीन-चारशे एक्स-रे, असा इशारा दिला. क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने लगेच हरकत घेतली. आधुनिक यंत्रावर अगदी कमी डोसचा स्कॅन पाच-दहा एक्स-रेंएवढाच, असे त्यांचे म्हणणे. दोन आकड्यांत एवढे अंतर! यंत्र कोणते आणि सेटिंग कोणती, यावर किती अवलंबून असते ते यावरून कळते.

वाचकांनी काय करावे? जुने फिल्म व रिपोर्ट सोबत न्यावेत. दिवस गेल्याची शंका असली तरी आधी सांगावे. "मुलांची सेटिंग लावली ना?" असे विचारायला लाजू नये. मात्र डोक्याला मार लागून उलट्या होत असतील, शुद्ध हरपत असेल, तर किरणांच्या भीतीने स्कॅन टाळू नये.

आजोबांना मी हेच सांगितले. पोराच्या मेंदूत रक्तस्राव नव्हता, हे त्या दुसऱ्या स्कॅनमुळेच कळले. फिल्म घरी लोखंडी पेटीत नीट ठेवा, पुन्हा कधी गरज पडली तर आधी ती दाखवा, म्हटले. "ठेवतो," म्हणाले, आणि पोराला घेऊन एसटी गाठायला निघाले.